होम असिस्टंट रिव्ह्यू : गिझर चालू आहे, की नुसता चालू दिसतोय?

आमचा गिझर बाथरूमच्या माळ्यावर आणि त्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये, त्यामुळे आत आंघोळ करणाऱ्याला बटण दिसत नाही आणि बाहेरच्याला ते बंद करायची आठवण राहत नाही. म्हणून तीनेक वर्षांपूर्वी एका कंपनीचा १६ अँपिअरचा वायफाय प्लग घेतला, ॲप टाकलं, आणि मग एका लग्नाला साताऱ्याला जाताना गाडीत ॲप उघडलं तर गिझर चालू! मी बंद करायचा प्रयत्न करतेय, ॲप गोल गोल फिरतंय आणि परत चालू दाखवतंय. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या अगं सकाळपासून लाईटच नाहीये बिल्डिंगमधे. म्हणजे ॲप तासन् तास जुनीच गोष्ट आत्ताची म्हणून दाखवत होतं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मग ते तुझ्या मोबाईलला माहिती नाहीये गं, त्याला तसं वाटतंय."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी दिवसभर सॉफ्टवेअरच लिहिते, त्यामुळे मला दिसत होतं की चूक प्लगमधे नाहीये, प्लगचं जे रूप ॲपमधे बनवलंय त्यात आहे. त्या रूपाला दोनच गोष्टी बोलता येत होत्या, चालू आणि बंद. "मला माहिती नाही" म्हणायची सोयच नव्हती.

मग होम असिस्टंट लावलं, आता दोन वर्षं होत आली, म्हणून नीट लिहितेय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी : हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तू एकाच जागेवरून चालवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), पाऊलुस शाउटसेन यांनी २०१३ मधे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सुरू केलं आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन नावाच्या संस्थेकडे आहे. घरातल्याच एखाद्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, माझं एका जुन्या मिनी पीसीवर आहे आणि तो पीसी न् राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत (हे आधी करा, बाकी सगळं नंतर).

याच्या डिझाइनमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डिव्हाइस आणि एंटिटी वेगळे ठेवलेत. डिव्हाइस म्हणजे हातात धरता येते ती वस्तू, आणि एंटिटी म्हणजे त्या वस्तूबद्दल कळणारी किंवा करता येणारी एकेक गोष्ट. माझा नवीन प्लग घ्या, तो एकच डिव्हाइस आहे पण त्याच्या एंटिटी बऱ्याच, एक स्विच, एक किती वॅट चाललेत त्याची, एक व्होल्टेजची, एक महिन्याभराच्या युनिटची. इथेच माझ्या गिझरचा घोळ सुटला! कारण स्विच चालू आहे म्हणजे प्लगमधला रिले (वीज जोडणारा-तोडणारा भाग) चालू आहे, एवढंच. पाणी तापतंय की नाही हे स्विचला कळायचं काही कारणच नाही. गिझर २००० वॅटचा आहे, तर मी एक छोटा टेम्प्लेट सेन्सर (म्हणजे बाकीच्या एंटिटींवरून आपण स्वतः बनवलेली एंटिटी) लिहिला, वॅट १००० च्या वर असतील तर "पाणी तापतंय", स्विच चालू आहे पण वॅट शून्य तर थर्मोस्टॅटने तोडलंय म्हणजे "पाणी तापलं", आणि प्लगच सापडत नसेल तर "कळत नाही". पॅसेजमधे जुना टॅब लावलाय त्यावर हे तीनच शब्द येतात, स्विच मी तिथून काढूनच टाकला.

तो "कळत नाही" यांच्याकडे आधीपासून आहे, आणि एक नाही दोन प्रकारचा. अनअव्हेलेबल म्हणजे वस्तूशी बोलणंच होत नाहीये, अननोन म्हणजे बोलणं होतंय पण ही माहिती अजून आली नाही. वरवर बारीक फरक वाटतो पण ऑटोमेशन (अमुक झालं की आपोआप तमुक कर, असे नियम) लिहायला बसलात की कळतं, कारण दार उघडं असणं आणि दाराच्या सेन्सरचा सेल संपणं ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या एसीचं अजून छान. एसी साधा रिमोटवाला, त्याला आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणारी डबी) लावलाय, म्हणजे आपण सिग्नल सोडतो, एसीने तो घेतला का हे कोणीच सांगत नाही. अशा वस्तूंना इथे अझ्यूम्ड स्टेट (म्हणजे नुसती धरून चाललेली स्थिती) अशी खूण करता येते, आणि मग स्क्रीनवर नेहमीचा एक सरकता स्विच न येता चालूचं आणि बंदचं अशी दोन वेगळी बटणं येतात. सरकता स्विच असता तर त्याने आपल्या समजुतीच्या उलटी आज्ञा सोडली असती, समजूत चुकली की गाडी उलटीच चालायची. हा विचार ज्याने केला त्याला मनापासून दाद.

आता दिव्यांबद्दल. दोन कंपन्यांचे बल्ब आहेत घरात, एक झिगबीचा (वायफायसारखीच, पण स्मार्ट वस्तूंसाठी केलेली बिनतारी पद्धत) ज्याच्या आत उजेड ० ते २५४ मधे मोजतात, दुसरा वायफायचा जो टक्क्यात बोलतो. होम असिस्टंटमधे दोघंही नुसते लाईट, उजेड ० ते २५५, रंगाचा उबदारपणा केल्व्हिनमधे, बस. मागच्या दिवाळीत एक बल्ब गेला, दुसऱ्या कंपनीचा आणला, एंटिटीला जुनंच नाव दिलं आणि एकही ऑटोमेशन हलवावं लागलं नाही. आणि उलटं पण चालतं, नाव कितीही बदला, आतून तो एका कायमच्या ओळखीला बांधलेला असतो, झिगबीत ते ६४ बिटचं ॲड्रेस, नेटवर्कवरचं छोटं ॲड्रेस बदललं तरी हे बदलत नाही.

आपल्याकडच्या स्विचबोर्डांसाठी एक खास टीप. बोर्डामागे चार रिलेवाला मॉड्यूल लावला की चारही गोष्टी स्विच म्हणून येतात, ट्यूब पण स्विच, पंखा पण स्विच. मग तुम्ही "हॉलचे सगळे दिवे बंद" म्हणालात तर ट्यूब तशीच चालू, कारण तिला कोणी दिवा म्हणून सांगितलंच नाही ना! यावर एक हेल्पर (होम असिस्टंटमधलं तयार छोटं साधन) आहे, स्विचचा प्रकार बदलायचा, त्याने ट्यूब "लाईट" म्हणून येते आणि साधा एकाच वेगाचा पंखा "फॅन" म्हणून येतो. पाच मिनिटांचं काम आहे, पहिल्याच दिवशी करून टाका. आणि इलेक्ट्रिशियनकडून बोर्डात न्यूट्रलची वायर आहे का बघून घ्या, जुन्या फ्लॅटमधे बरेचदा नसते आणि बरेच मॉड्यूल तिच्याशिवाय चालत नाहीत.

पंख्याचा वेग २०२१ पासून यांनी टक्क्यात केलाय. डिझाइन म्हणून बरोबरच आहे, कारण कुणाचा पंखा तीन वेगांचा, कुणाचा पाच, कुणाचा सहा, सगळ्यांना सामावेल असं एकच माप हवं. पण घरात कोणी "पंखा साठ टक्के कर" म्हणत नाही हो, "तीनवर कर" म्हणतात. रेग्युलेटरसारखी १ ते ५ अशी बटणं मी स्वतः बनवली, तेव्हा आईंनी वापरायला सुरुवात केली.

काय आवडलं नाही ते पण सांगते. सगळ्यात पहिलं, प्रत्येक एंटिटीची स्टेट (सध्याची स्थिती) आतमधे अक्षरं म्हणून साठवलेली असते, जास्तीत जास्त २५५, तापमानाचा आकडा असला तरी अक्षरंच. त्यामुळे टेम्प्लेटमधे आकड्यात बदलून न घेता तुलना केली तर ९ हे १० पेक्षा मोठे ठरतात, कारण पहिलं अक्षर बघितलं तर ९ हे १ च्या पुढे. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच दिसेल, पण ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांनी काय करायचं? हे प्रकार सिस्टिमनेच सांभाळायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, भिंतीवरचं बटण. स्मार्ट बल्बचं बटण कोणी बंद केलं की बल्ब मेला, आणि झेडएचए (होम असिस्टंटमधली झिगबीच्या वस्तू जोडायची सोय) वापरत असाल तर विजेवरची वस्तू गप्प झाल्यावर तिला अनअव्हेलेबल धरायला मूळ सेटिंगमधे २ तास लागू शकतात, सेलवरच्या वस्तूला ६. वेळ कमी करता येते, पण माझं म्हणणं, जिथे घरचे लोक भिंतीवरचं बटण दाबणारच आहेत तिथे साधा बल्ब ठेवा आणि बटणामागे मॉड्यूल लावा.

तिसरं, दर महिन्याला नवीन आवृत्ती येते आणि नावं बदलत राहतात. ज्याला सर्व्हिस म्हणायचे त्याला ऑगस्ट २०२४ पासून ॲक्शन म्हणतात, जुनं लिहिलेलं चालतं पण शिकणाऱ्याला जुने लेख वाचताना त्रास होतो. अपडेट करायच्या आधी बॅकअप घ्या आणि काय मोडणार आहे ती यादी वाचा, रात्री अकरा वाजता अपडेट करू नका.

खरेदीच्या आधी एक गोष्ट जरूर बघा. होम असिस्टंटच्या साईटवर प्रत्येक इंटिग्रेशनपुढे (एखाद्या कंपनीच्या वस्तू जोडून देणारा भाग) लिहिलेलं असतं, लोकल पुश, लोकल पोलिंग, क्लाउड पुश, क्लाउड पोलिंग किंवा अझ्यूम्ड स्टेट. लोकल पुश म्हणजे वस्तू स्वतःहून, घरातल्या घरात, लगेच सांगते. क्लाउड पोलिंग म्हणजे आपण थोड्या थोड्या वेळाने कंपनीच्या सर्व्हरला विचारत बसायचं. दुकानातला माणूस हे सांगणार नाही, खोक्यावरही नसतं. मी आता लोकल पुश नसेल तर घेतच नाही. वस्तूवर मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंसाठीचं सामाईक मानक) लिहिलेलं असेल तर चांगलंच, ते लोकलच चालतं, ऑक्टोबर २०२२ मधे पहिली आवृत्ती आली, आणि त्यात वस्तूचं वर्णन करायची पद्धत बरीचशी झिगबीकडूनच घेतलीय.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या अक्षरांच्या भानगडीसाठी कापला. परवा पुन्हा सकाळी लाईट गेली, टॅबवर "कळत नाही" आलं, आईंनी ते वाचलं आणि गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलं.