मूळ मैफल परवडत नसेल, तर ट्रिब्यूट बँड

ज्या बँडच्या तिकिटांचे दर आवाक्याबाहेर गेले आहेत, किंवा जो बँड आता अस्तित्वातच नाही, त्याची गाणी प्रत्यक्ष ऐकण्यासाठी ट्रिब्यूट बँड, म्हणजे त्याचीच गाणी त्याच्याच शैलीत सादर करणारा दुसरा बँड, हा मला मनापासून समाधान देणारा पर्याय वाटतो. बीटल्सनी १९६६ मध्ये दौरे थांबवले. त्यांची गाणी ‘बूटलेग बीटल्स’ १९८० पासून रंगमंचावर निष्ठेने सादर करत आले आहेत. १९८८ मध्ये ॲडलेडला स्थापन झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ला तर १९९६ साली खुद्द मूळ पिंक फ्लॉइड बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमर यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी वादनाचा मान मिळाला, आणि याहून मोठी पावती कोणती असणार?

भव्य स्टेडियममध्ये मागच्या रांगेतून पडद्यावरचेच चित्र पाहावे लागते. लहान सभागृहात मात्र गिटारवादकाची बोटे दिसतात आणि ड्रमचा ठोका छातीत जाणवतो. दर्जा सर्वत्र सारखा नसतो. मी ऐकलेल्या एका बँडची वेशभूषा हुबेहूब होती, पण कोरस ध्वनिमुद्रित होता आणि त्यामुळे मैफलीतला जीवच हरवला. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बँडच्या एखाद्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे, संपादन न केलेले चित्रण अवश्य पाहावे.