पद्मिनीचं इंजिन: साधं रीबोअर की लांब स्ट्रोकचा क्रँक?

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उघडलंच आहे, तर लांब स्ट्रोकचा क्रँक, म्हणजे पिस्टनला जास्त लांब वर-खाली नेणारा दांडा, टाकून ताकद वाढवावी का? गाडी मुंबईच्या रस्त्यावर चालवायची असेल तर माझं मत रीबोअरच्या, म्हणजे सिलिंडर थोडे रुंद कोरून घेण्याच्या, बाजूने आहे.

मूळ माप 68 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), 1089 सीसी. बोअर 1 मिमीने वाढवला तर 1122 सीसी होतात. स्ट्रोक 80 मिमी केला तर 1162. शिवाय ही वाढ कमी आरपीएमला जाणवते, खंडाळ्याच्या चढावर गिअर कमी वेळा पाडावा लागतो. मोह पडतो तो उगाच नाही.

पण काम क्रँकपाशी थांबत नाही. स्ट्रोक 5 मिमी वाढला की पिस्टन 2.5 मिमी जास्त वर येतो. म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आखूड हवा, नाहीतर रॉड जिच्यावर बसतो ती पिन वर सरकवलेले पिस्टन. रॉडचं मोठं टोक ब्लॉकला किंवा कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) लागत नाही ना, हे क्रँक हाताने फिरवून बघावं लागतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं ते) वाढतं, ते पिस्टनच्या माथ्यावर खळगा घेऊन उतरवायचं. मग सगळं फ्लायव्हीलसकट (क्रँकच्या टोकाच्या जड चाकासकट) बॅलन्स करायचं. 5000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 12.5 मीटरवरून 13.3 मीटरवर जातो, आणि या क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा. मला खरी काळजी याचीच वाटते.

फोक्सवॅगन बीटलवाल्यांचं बरं आहे, त्यांना मूळ 69 मिमी स्ट्रोकच्या जागी 74, 78, 82 मिमीचे तयार क्रँक मिळतात. पद्मिनीला तो घडवूनच घ्यावा लागेल. जुनाच क्रँक ऑफसेट ग्राइंड केला, म्हणजे रॉड बसतो ते जर्नल एका बाजूला सरकेल असं घासलं, तर स्ट्रोक 1 मिमी वाढवायला जर्नल निदान 1 मिमी बारीक करावं लागतं.

रीबोअरला ओव्हरसाइझ पिस्टन, गरज असेल तर क्रँक ग्राइंड आणि अंडरसाइझ बेअरिंग, एवढं पुरतं. वाचलेले पैसे रेडिएटर आणि वॉटर पंपावर घाला. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये त्यांचाच उपयोग होतो.

कागदपत्रांचंही बघा. आरसीवर सीसी लिहिलेले असतात, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही. गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

फक्त ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर लांब क्रँक जरूर करा. मात्र आधी पिस्टन आणि रॉडची मापं पक्की करा, मगच क्रँक घडवायला द्या.