शिशातली चांदी: समतोलाचं मॉडेल घ्यावं की प्रवाहाचं?

वितळलेल्या शिशात जस्त घालून ढवळायचं, मग कढई सावकाश निवू द्यायची. चांदी जस्ताला धरते आणि दुधावर साय यावी तशी वर येते. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८५० साली पेटंट घेतलेली ही पद्धत. साय काढली तरी थोडी चांदी शिशात उरतेच. १०० टनांच्या कढईत टनामागे १० ग्रॅम जास्त उरली, की प्रत्येक घाण्याला एक किलो चांदी शिशाच्या भावाने गेली.

ती वाचवायला संगणकाची मदत घ्यायची, तर वाटा दोन.

फॅक्टसेज किंवा थर्मो-कॅल्क या रासायनिक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं समतोलाचं मॉडेल, म्हणजे सगळं पूर्ण स्थिरावल्यावर काय उरेल याचं गणित, विचारतं एवढंच: शिशात काय काय आहे, जस्त किती, तापमान किती? साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत ते कमीत कमी किती चांदी उरेल ते सांगतं. जस्त थोडं वाढवलं तर? ३३५ अंशांवर न थांबता ३२० पर्यंत निववलं तर? तांबं, आर्सेनिक, अँटिमनी मागे राहिल्याने जस्त किती वाया जातंय? सगळं तपासता येतं. वेळ, ढवळणी आणि कढईची भिंत मात्र त्याच्या हिशेबातच नाहीत.

दुसरी वाट सीएफडीची, म्हणजे द्रवाचा प्रवाह संगणकावर मांडण्याची. ते नेमकं तेच पाहतं: प्रवाह, उष्णता, भिंतीलगत गोठणारं शिसं. भिंतीला चिकटलेली साय पुढच्या घाण्यात पुन्हा विरघळत असेल, तर तो धागा इथेच सापडेल. पण एका घाण्याच्या गणिताला कित्येक दिवस लागू शकतात. ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर फुकट असलं तरी जाणकार माणूस फुकट मिळत नाही. वेगवेगळ्या खोलीवरची तापमानं मोजलेली नसतील, तर त्या रंगीत चित्रांवर मी एक रुपयाही लावणार नाही.

म्हणून घाण्याघाण्याने चालणाऱ्या कढईसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी समतोल. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत १९३०च्या दशकात सुरू झाली तशी अखंड पद्धत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वर गरम, खाली थंड हा फरकच सगळं काम करतो, त्यामुळे सीएफडी पहिल्यापासून हवं. विद्युत शुद्धीकरण असेल, तर चांदी अॅनोडच्या गाळात जाते आणि ही तुलना लागूच पडत नाही.

सीएफडीवर पैसे घालण्याआधी निवण्याच्या शेवटी नमुना घ्या. साय बाजूला सारून, मधल्या खोलीवरून, तापमान लिहून ठेवून. सायीचा एक कण आला तरी चांदीचा आकडा फुगतो. आकडा समतोलाच्या जवळ असेल, तर जस्त आणि तापमान बदला. तो बराच वर असेल, तर दोष ढवळण्यात, निवण्यात किंवा साय काढण्यात आहे, आणि तेव्हा सीएफडीवर खर्च करा.