एअर पिस्तुलाच्या नळीला मानवणारे छर्रे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

10 मीटर एअर पिस्तुलासाठी छर्रे घेताना बहुतेक जण डब्यावरचे कंपनीचे नाव आणि किंमत पाहतात. गेल्या हिवाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत सांगलीत एकाच पिस्तुलातून निरनिराळे छर्रे पद्धतशीरपणे मारून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, डब्यावर बारीक अक्षरांत छापलेला छऱ्याच्या डोक्याचा व्यास आणि त्या मालाचा लॉट क्रमांक (एकाच वेळी तयार झालेल्या मालाला दिलेला क्रमांक) या दोन गोष्टी नाव आणि किंमत यांच्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाच्या आहेत. कोल्हापूरच्या नेमबाजांची परंपरा आपल्याला जवळची आहेच. त्यात 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांना कांस्यपदक मिळाल्यानंतर आमच्या भागातही मुलांना नेमबाजी शिकवण्याबाबत विचारणा वाढली आहे, आणि पालकांचा पहिला प्रश्न बहुधा छऱ्यांविषयीच असतो. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे पिस्तूल स्टायर एलपी10 हे आहे. ते 200 बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालते आणि क्लबमधील एका ज्येष्ठ नेमबाजाकडून मी ते घेतले आहे. आपल्याकडे 4.5 मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. परदेशात मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओतून काडतुसे भरणारे नेमबाज पुष्कळ आहेत. भारतात परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. तरीही त्या मंडळींचे मूळ तत्त्व आपल्या छऱ्यांना जसेच्या तसे लागू पडते: शिसे मऊ असते, म्हणून ते नळीच्या मापाला नेमके बसले पाहिजे. सैल बसले तर हवा बाजूने निसटते आणि छर्रा नळीत किंचित तिरका होतो. फार घट्ट बसले तर त्याचा आकार बिघडतो.

स्पर्धेचा छर्रा पुढून सपाट असतो, कारण त्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. त्याचे डोके नळीच्या आतील पीळदार खाचांवर टेकून पुढे सरकते, मधली कंबर बारीक असते आणि मागचा पोकळ स्कर्ट हवा अडवून धरतो. जास्त ताकदीच्या एअर रायफलमध्ये हवेच्या दाबाने स्कर्ट फुलतो आणि मापातील थोडी चूक झाकली जाते. स्पर्धेच्या पिस्तुलात छऱ्याचा वेग सेकंदाला साधारण 150 मीटर एवढाच असल्याने त्या फुलण्यावर फारसे विसंबता येत नाही, आणि डोक्याचे माप थेट निकालात दिसते. बाजारात 4.49, 4.50 आणि 4.51 अशी मापे मिळतात. एक शतांश मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल; पण बिघडते, आणि ते मोजता येते.

मोजण्यासाठी सर्वांत आधी हात बाजूला काढावा लागतो. हाताने झाडलेल्या गोळ्यांवरून छऱ्याची परीक्षा होत नाही; त्या दिवशीचा श्वास, झोप आणि ट्रिगरवरचे बोट यांचीच परीक्षा होते. म्हणून कुपवाड एमआयडीसीतील एका टर्नरकडून बेंच वाइससाठी (टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीसाठी) ॲल्युमिनियमचे दोन जबडे करून घेतले आणि त्यांना आतून जाड चामडे चिकटवले. पिस्तुलाची लाकडी मूठ काढून फक्त सांगाडा या जबड्यांत धरायचा. नळीला किंवा सिलिंडरला वाइसचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, कारण नळीवर दाब आला की मारा सरकतो आणि दाबाखाली असलेला सिलिंडर पकडीत आवळणे धोक्याचे आहे. त्या टर्नरने जबडे तयार झाल्यावर डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून ते समांतर आहेत याची खात्री माझ्यासमोर करून दिली. कुपवाड आणि मिरजेच्या कारखान्यांत अशी कामे मन लावून करणारी माणसे आहेत, ही आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती आहे.

गोळी झाडण्यापूर्वी आणखी एक तपासणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी असे मला वाटते. पिस्तूल रिकामे आहे आणि सिलिंडर काढलेला आहे याची खात्री करून, छर्रा मागच्या बाजूने नळीत ठेवायचा आणि गुळगुळीत प्लास्टिकच्या काडीने सावकाश ढकलत पुढून बाहेर काढायचा. 4.49 चे छर्रे माझ्या नळीतून मध्येच हलके होत, मध्येच अडखळत गेले, आणि भिंगाखाली पाहिल्यावर त्यांच्या डोक्यावर एका बाजूला खाचांचे ठसे स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम दिसत होते. 4.50 च्या छऱ्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध जाणवला आणि डोक्याच्या कडेवर सगळीकडे एकसारखे बारीक ठसे उमटले. 4.51 चा छर्रा आत बसवतानाच अंगठ्याला जोर लावावा लागत होता. कागदावरचा निकाल काय असेल याचा अंदाज तेव्हाच आला होता.

निकाल समजण्यासाठी लक्ष्याचे गणित माहीत असले पाहिजे. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातील 10 गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते आणि छऱ्याच्या भोकाची कड त्याला नुसती टेकली तरी 10 गुण मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. एअर रायफलमध्ये हेच अंतर अवघे 2.5 मिलिमीटर असते. त्यामुळे रायफलवाल्यांनी छऱ्यांचा जेवढा ध्यास घ्यावा तेवढा पिस्तूलवाल्यांनी घेण्याची गरज नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही आपला हात मुळातच थरथरत असताना त्यात छऱ्याचा विखुरलेपणा मिसळला, तर 10 च्या कडेवरचे शॉट 9 मध्ये जातात, आणि 60 शॉटच्या स्पर्धेत असे चार-पाच गुण गेले तरी क्रमवारी बदलते.

वाइसमधून 4.50 च्या एच अँड एन फिनाले मॅच लाइट छऱ्यांनी 10 शॉटचे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचे पुंजके) असे दिले की, सगळी भोके मिळून कडा थोडी फाटलेले एकच भोक तयार होत होते. भोकांच्या मध्यांमधील कमाल अंतर 3 मिलिमीटरच्या आसपास राहिले, आणि मुख्य म्हणजे ते दर वेळी तसेच राहिले. त्याच कंपनीच्या 4.49 मध्ये आठ शॉट सुरेख पडायचे आणि दोन भलतीकडे जायचे. भलतीकडे जाणारे हे शॉटच खरे घातक, कारण नेमबाज त्यांचा दोष स्वतःच्या ट्रिगरला देतो आणि चांगली सवय मोडून बसतो. सर्वांत महागडे छर्रे माझ्या नळीत मधल्या क्रमांकावर राहिले. ते वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांचे माप माझ्या नळीचे नव्हते, एवढेच.

ग्रुप मोजताना 5 शॉटवर समाधान मानू नये. 5 शॉटचा एखादा ग्रुप केवळ योगायोगाने सुरेख येतो, आणि डब्यासोबत तोच दाखवण्याचा मोह दुकानदारांना होतो. 10 शॉटचे काही ग्रुप वेगवेगळ्या दिवशी घ्यावेत आणि त्यांतील सर्वांत चांगला नव्हे, तर सर्वांत वाईट ग्रुप कोणाचा लहान आहे ते पाहावे.

छर्रे वजन करून निवडावेत का, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी निघतो. सराफाच्या काट्यासारखा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मी त्यासाठी वापरला. फिनाले मॅच लाइट छऱ्याचे वजन 0.51 ग्रॅम आहे. एखादा छर्रा 0.01 ग्रॅमने जड निघाला, तर वजन सुमारे 2 टक्क्यांनी वाढते आणि वेग साधारण 1 टक्क्याने घटतो. सेकंदाला 150 मीटर वेगाने 10 मीटर जाताना छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे 22 मिलिमीटर खाली येतो, त्यामुळे 1 टक्का वेग कमी झाल्यास तो आणखी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खाली पडतो. पिस्तुलाच्या दशांश गुणमोजणीत एक दशांश गुण म्हणजे 0.8 मिलिमीटर, एवढा फरकही यातून पडत नाही. म्हणून वजनाची निवड मी बंद केली. त्याऐवजी काचेवर छर्रे पसरून ट्यूबलाइटखाली स्कर्टची कड पाहणे मात्र सोडलेले नाही. स्कर्ट चेपलेला छर्रा बाजूला काढण्यात जाणारी दहा मिनिटे सार्थकी लागतात, कारण वाकलेल्या कडेतून हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा नळीबाहेर पडतानाच ढकलला जातो.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा सांगावा लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची हवा एवढी दमट असते की, उघड्या डब्यातील छऱ्यांवर पांढरी पूड धरू लागते. ती शिशाच्या क्षाराची, बुरशीसारखी दिसणारी पूड असते आणि असे छर्रे मी सरावालाही वापरत नाही. लाकडी कपाटात, विशेषतः नव्या लाकडाच्या खणात छर्रे ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेला माल पूर्ण पावसाळाभर स्वच्छ राहिला. हातपंपाने सिलिंडर भरणाऱ्यांनी याच दिवसांत पंपाच्या ओलावा शोषणाऱ्या फिल्टरकडे लक्ष द्यावे. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा भरावी. दवाखान्यातील ऑक्सिजन कोणी कितीही सहज देऊ केला तरी कधीही भरू नये, तेलाच्या अंशाशी त्याचा संपर्क आला तर स्फोट होतो.

शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि मुलांना छर्रे ओठांत धरण्याची सवय लागू देऊ नये. रेंजवर खाण्याचे डबे छऱ्यांच्या टेबलावर ठेवणे आम्ही पूर्णपणे बंद केले आहे.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. क्लबमधील एका सहकाऱ्याकडे याच मॉडेलचे पिस्तूल आहे, आणि त्याच वाइसमध्ये, त्याच दिवशी, त्याच डब्यांतून तपासल्यावर त्याच्या नळीने 4.49 पसंत केले. तेव्हा माझा 4.50 चा निष्कर्ष कोणी आपल्या पिस्तुलाला आंधळेपणाने लावू नये. प्रत्येक मापाचा एकेक डबा चार-पाच जणांनी वाटून घेतला तर तपासणीचा खर्च फारसा जाणवत नाही. नळीचे माप ठरल्यावर एकाच लॉटचे जमतील तेवढे डबे एकदम घ्यावेत. मी घेतलेल्या लॉटचे डबे येत्या स्पर्धांच्या हंगामाला पुरतील, आणि त्यांतील शेवटचे दोन डबे मी वेगळे काढून ठेवले आहेत, म्हणजे नवा लॉट आल्यावर तो जुन्याच्या शेजारी, त्याच वाइसमधून तपासता येईल.