सिमेट्रिक रिले काही महिने खेळल्यावर: सगळं छान, पण ३ नोट्रम्प हातातून जातो त्याचं काय

पावसाळ्यापासून भुसावळच्या आप्पांबरोबर ब्रिजमध्ये सिमेट्रिक रिले खेळून राहिलोय, म्हणजे एक पार्टनर नुसता विचारत जातो आणि दुसरा आपले पत्ते सांगत जातो अशी बोलीची सिस्टीम. लिहू लिहू म्हणत राहून जात होतं, पण परवाच्या एका बोर्डाने डोकं इतकं तापलं की आता लिहितोच. १६ पॉइंटपासूनचा स्ट्राँग १ क्लब, गेम फोर्स, कंट्रोल हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच हे आहे, बाराखडी गिरवत बसत नाही.

बोर्ड असा होता. आप्पांकडे स्पेड राजा-राणी-५-३, हार्ट एक्का-राजा-७, डायमंड गुलाम-४-२, क्लब एक्का-९-३, म्हणजे १७ पॉइंट. माझ्याकडे स्पेडची एकटी दुर्री, हार्ट ६-४, डायमंड राणी-१०-७-५ आणि क्लब राजा-राणी-गुलाम-८-५-४, म्हणजे ८. आप्पांनी १ क्लब उघडला, मी पॉझिटिव्ह जवाब (गेमपुरते पत्ते आहेत असा) दिला, मग ते दर वेळी सगळ्यात स्वस्त बोली (क्रम चढता: क्लब, डायमंड, हार्ट, स्पेड, नोट्रम्प) करून विचारत गेले आणि मी सांगत गेलो. ३ स्पेडवर पोचलो तेव्हा माझा पूर्ण आकार, म्हणजे कुठल्या रंगाचे किती पत्ते, त्यांना कळला होता, १-२-४-६. फक्त माझ्याकडे ८ पॉइंट आहेत का १३, हे कळलं नव्हतं.

आता आप्पांनी काय करायचं? ३ नोट्रम्प (हुकूम नसलेला, नऊ ट्रिकचा गेम) बोलले तर ते थांबणं झालं, पुढे विचारायचं तर ४ क्लब, आणि ४ क्लब बोललात की ३ नोट्रम्प गेला तो गेलाच. माझ्याकडे क्लबबरोबर डायमंडचे एक्का-राजा असते तर ६ क्लब सरळ होता, म्हणून त्यांनी विचारलं. मी एकच कंट्रोल सांगितला (एक्क्याचे २, राजाचा १). झालं, ५ क्लबवर थांबलो. स्पेडचा एक्का, डायमंडचे एक्का-राजा, तीन ट्रिक सरळ गेल्या, एक डाऊन (एक ट्रिक कमी पडली), कुठल्याही बाजूने खेळा. दुसऱ्या टेबलवर साधी बोली करणाऱ्यांनी ३ नोट्रम्प घेतला, क्लबच्या सहा, हार्टच्या दोन, स्पेडचा एक्का पाडून एक, नऊ ट्रिक आणि गेम.

यात आप्पांचा काडीचा दोष नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीही विचारलंच असतं. भांडण सिस्टीमशी आहे. माझा तोच आकार ३ हार्टला कळला असता तर आप्पांनी ३ स्पेडने कंट्रोल विचारले असते, मी सगळ्यात खालचा जवाब म्हणून ३ नोट्रम्प बोललो असतो, आणि त्यांनी पास केला असता. एका पायरीचा फरक, तेवढाच! त्या एका पायरीसाठी मी रात्रभर कागद काळे केले.

लोक रिलेला घाबरतात ते पाठांतरासाठी, आणि हे मला आता अजिबात पटत नाही. कुणीतरी भलीमोठी पीडीएफ पाठवतं, ती झेरॉक्स मारायला जाऊ नका, पैसे वाया. खरं काम एका पानावर मावतं, कारण कुठलेही दोन रंग लांब असोत, पुढच्या पायऱ्या त्याच. आधी आखूड रंग कुठला ते कळतं, मग ५-४-२-२, मग ५-४-३-१, मग ६-४-२-१, असं वर वर जातं. हार्ट-स्पेडसाठी एक तक्ता आणि डायमंड-क्लबसाठी दुसरा असं नाही, म्हणून तर नाव सिमेट्रिक. ही न्यूझीलंडची सिस्टीम आहे आणि ती बसवणाऱ्यांत रॉय केर आहेत, ज्यांनी १९६३ मध्ये फिरत्या ब्लॅक होलचं गणित सोडवलं तेच केर. हे कळल्यावर माझा आदर दुप्पट झाला, खोटं कशाला बोलू.

आणि गणित खरंच सुंदर आहे. पत्त्यांच्या आकाराचे ३९ प्रकार, रंगांसकट मोजले तर ५६०. पाच पायऱ्या शिल्लक असतील तर वाटतं पाचच जवाब बसतील, पण पहिल्या पायरीवर जवाब दिला की समोरचा परत विचारतो आणि उरलेल्या जागेत आणखी जवाब बसतात, असे मिळून आठ होतात. सहा पायऱ्यांत तेरा, सातात एकवीस. फिबोनाची! म्हणून सगळ्यात खालच्या जवाबात जास्तीत जास्त पत्ते कोंबायचे, साधारण ३८ टक्के, आणि वर जाताना कमी कमी. बाजारात भाव विचारायचे पैसे लागत नाहीत, इथे प्रत्येक प्रश्नाला एक पायरी मोजून द्यावी लागते, आणि ३ नोट्रम्पच्या जवळ आल्यावर तीच पायरी सगळ्यात महाग पडते.

सुरुवातीला माझं ठाम मत होतं की समोरचे मध्ये बोलले की रिलेचा बाजार उठणार. ते मत बदललं. त्यांनी डबल दिला तर आपल्याला पास आणि रिडबल असे दोन जास्तीचे कॉल मिळतात, आणि लगतची बोली केली तर एक पायरी जाते पण पास आणि डबल मिळतात, म्हणजे जागा उलट वाढते. त्यांनी उडी मारून ३ स्पेड बिड केलं की आम्ही रिले बंद करून साधं खेळतो, विषय संपला. खरा त्रास लीडच्या डबलचा आहे, माझा खोटा (नुसता सांकेतिक) २ डायमंडचा जवाब आला की डावीकडचा डबल करून पार्टनरला डायमंडची लीड (पहिला पत्ता) सांगून देतो, फुकटात. पण त्याच्या बदल्यात विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच डाव खेळतो, त्याचे पत्ते कुणालाच माहीत नसतात, उघडे पडतात ते डमीचे, जे तसेही टेबलावर येणारच.

अलर्टचा, म्हणजे सांकेतिक बोली आली की समोरच्यांना तसं कळवण्याचा, कंटाळा मात्र खराच. समोरच्यांना प्रत्येक बोलीचा अर्थ विचारायचा हक्क आहे आणि तो असायलाच पाहिजे, आपल्याला मात्र स्वतःच्या नोट्स बघता येत नाहीत. रात्री ज्या ॲपवर सराव करतो तिथली अलर्टची जागा एवढुशी, वाक्य अर्ध्यात कापलं जातं, मग चॅटमध्ये परत टाइप करा, तोवर समोरचे वैतागतात. तक्रार केली, उत्तर नाही.

तर परत त्या पायरीकडे. हार्ट-स्पेडचे पत्ते असतील तर गेम ४ हार्ट किंवा ४ स्पेडमध्ये होतो, तिथे ३ नोट्रम्प ओलांडला तरी फारसं बिघडत नाही. डायमंड-क्लबला मात्र त्याच्यावरचा गेम म्हणजे पाचची बोली, अकरा ट्रिक. मग ज्यांना जागा कमी लागते त्यांना आमच्या तक्त्यात खालची पायरी आणि ज्यांचा जीव ३ नोट्रम्पमध्ये अडकलाय त्यांना वरची, हे उलटं आहे ना! ६-४-२-१ फक्त ४.७० टक्के वेळा येतो, ५-४-३-१ येतो १२.९३ टक्के, त्यामुळे पुष्कळ जण म्हणतील एवढ्यासाठी कशाला हलवता. पण टीम मॅचमध्ये असा एक बोर्ड अख्खी मॅच घेऊन जातो.

आप्पांना फोन केला, म्हटलं डायमंड-क्लबवाला जवाब एक पायरी खाली आणू आणि हार्ट-स्पेडवाला एक पायरी वर, पुढचं सगळं तसंच. आप्पा म्हणाले, "भो, नवीन पाठ करनं पडीन का?" म्हटलं नाही, फक्त दोन पहिले जवाब अदलाबदल. मग लगेच हो म्हणाले.

आता डायमंड-क्लबचा ६-४-२-१ ३ हार्टला कळतो आणि ३ नोट्रम्प शाबूत राहतो. नुकसान मेजरच्या (हार्ट-स्पेडच्या) स्लॅममध्ये, म्हणजे सहा-सातच्या बोलीत, आहे. आधी ३ स्पेडने कंट्रोल विचारून ४ क्लबला पुढचा प्रश्न मारता यायचा, आता कंट्रोलच ४ क्लबने विचारावे लागतात, म्हणजे कुठला राजा कुठल्या रंगात हे विचारायला ४ हार्टच्या खाली जागाच उरत नाही. आप्पांचं म्हणणं तेवढं सोडून द्यायचं. मला ते अजून पटलेलं नाही, ६-४-२-१ आणि ५-४-३-१ ची जागा बदलून काही वाचतं का ते बघतोय.