नैराश्यावरची 'नाइस'ची गाईडलाइन: वापरून पाहिलेला अभिप्राय

गाईडलाइनचं कुणी परीक्षण लिहितं का? मिसळीचं लिहितात, मिक्सरचं लिहितात. मग डॉक्टर गोळी लिहून देणार की थेरपीला पाठवणार हे जिच्यावरून ठरतं, तिचं लिहायला काय हरकत आहे? तर वस्तू अशी: इंग्लंडमधल्या 'नाइस' या संस्थेची प्रौढांच्या नैराश्यावरची गाईडलाइन, क्रमांक एनजी २२२, जून २०२२. किंमत शून्य. भारतातूनही वेबसाइटवर अख्खी वाचता येते.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मूळची सांगलीची, नोकरी इंग्लंडात. ही गाईडलाइन लिहिणाऱ्या समितीवर मी नव्हते, पण दुसऱ्या एका आजाराच्या समितीवर बसले आहे. (कुठल्या ते सांगत नाही, तिथल्या चर्चा बाहेर काढायच्या नसतात.) त्या सवयीमुळे मी शिफारशी नंतर वाचते. आधी उघडते त्यांच्यासोबत जोडलेला भाग, 'समितीने ही शिफारस का केली'. या गाईडलाइनमधला अस्सल माल तिथे आहे आणि बहुतेक डॉक्टर तो उघडतच नाहीत.

तिथे भांडणं असतात, इस्त्री करून ठेवलेली. 'पुरावा मर्यादित होता, तरी समितीच्या अनुभवानुसार' अशा अर्थाचं काही दिसलं की समजायचं, त्या दिवशी जेवणाची सुट्टी उशिरा झाली. आमच्या समितीत डॉक्टर, नर्स, सायकॉलॉजिस्ट होतेच, शिवाय स्वतः आजार काढलेले किंवा घरच्या माणसाची काळजी घेतलेले लोकही सदस्य म्हणून होते. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपले हितसंबंध सांगायचे: कुठल्या कंपनीकडून मानधन घेतलं, कुठल्या थेरपीचं प्रशिक्षण देऊन पैसे मिळतात. मग पडद्यावर आलेख. एकेका ट्रायलची, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहिलेल्या अभ्यासाची, एकेक आडवी रेघ आणि सगळ्यात खाली एक चौकट, हिऱ्याच्या आकाराची. तो हिरा मधल्या उभ्या रेषेला चिकटला की फरक पडला असं ठामपणे म्हणता येत नाही. आमच्यातल्या एक बाई, पेशाने शिक्षिका, दर वेळी एकच विचारायच्या, "थेरपी संपली त्या आठवड्यात बरं वाटलं हे समजलं. वर्षाने काय?" आणि दर वेळी आम्ही सगळे कागद चाळायला लागायचो, कारण बऱ्याच ट्रायल तिथवर जातच नाहीत.

नैराश्याच्या गाईडलाइनचं घोडं नेमकं याच मुद्द्यावर अडलं होतं. जुनी आवृत्ती २००९ ची. नव्या आवृत्तीचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला, मग पुन्हा २०१८ मध्ये, मग पुन्हा २०२१ मध्ये. साधारणपणे हे एकदाच होतं. व्यावसायिक संघटना आणि रुग्णांच्या संस्था हटून बसल्या की नैराश्य उलटून येणारा आजार आहे, एक-दोन वर्षांनंतरची स्थिती का तपासत नाही? 'नाइस'ला त्यांना लेखी उत्तरं द्यावी लागली, ती वेबसाइटवर आहेत. वेळ असेल तर जरूर वाचा, करमणूकही होते.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. पुराव्याचा दर्जा ठरवायची 'ग्रेड' नावाची पद्धत आहे: उच्च, मध्यम, कमी, अतिकमी. रुग्णाला आपण कुठला उपचार घेतोय हे माहीत असेल आणि बरं वाटतंय का हेही त्यालाच विचारलं असेल, तर दर्जा घसरतो. गोळीच्या ट्रायलमध्ये साखरेची गोळी देता येते. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, घेणाऱ्याला मात्र आपण सीबीटी घेतोय हे कळणारच, साखरेची सीबीटी कुठून आणायची? त्यामुळे थेरपीची ट्रायल कितीही नेटकी केली तरी या एका निकषावर तिचे गुण कापले जातात. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण 'कमी दर्जाचा पुरावा' हे वाचून जे डॉक्टर थेरपीला मोडीत काढतात, त्यांनी दर्जा कशामुळे घसरला ते पाहायचे कष्ट घ्यावेत.

आता मुख्य पदार्थ, म्हणजे उपचारांचे तक्ते. नैराश्याचे दोनच भाग केले आहेत, कमी तीव्र आणि जास्त तीव्र, आणि पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत १६ च्या खाली गुण आले तर कमी तीव्र. हे मला सरसकट वाटतं. १५ गुणांची बाई आणि १६ गुणांचा माणूस माझ्यासमोर बसले तर मला फरक सांगता यायचा नाही. कमी तीव्रसाठी ११ पर्याय, त्यात सर्वांत वर मार्गदर्शनासह स्वयंमदत, मग गटातली सीबीटी. गटाने केलेला व्यायाम आणि माइंडफुलनेसही (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायचा सराव) औषधांच्या वर. एसएसआरआय या नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या नवव्या क्रमांकावर, आणि रुग्णाची तशी इच्छा नसेल तर सुरुवातीलाच सरसकट गोळ्या देऊ नका असं स्वच्छ लिहिलंय. जास्त तीव्रसाठी सर्वांत वर सीबीटी आणि औषध एकत्र. हे सगळं मला पटतं.

खटकतो तो क्रम. गटातली थेरपी वर येण्यात खर्चाचाही वाटा आहे: दोन थेरपिस्टच्या वेळात आठ जण बसतात. गाईडलाइन हे लपवत नाही, तक्ता परिणाम आणि खर्च दोन्ही पाहून लावलाय असं सांगते. पण घाईत वाचणाऱ्याला वाटतं की वरचं ते जास्त गुणकारी. मेन्यूकार्डावर पहिलं नाव बघून ऑर्डर द्यावी तसं होतं, आणि मग कळतं की तो पदार्थ आज नाही.

माझी वहिनी साताऱ्याजवळ जनरल प्रॅक्टिस करते. तिने फोनवर सुनावलं, "अगं, आठ माणसं मी बसवू कुठे? आणि गावात कुणी कुणासमोर बोलेल का?" रास्त आहे. मी म्हटलं, "वहिनी, तक्ता राहू द्या, गोव्याचं काम बघा." 'संगत' संस्थेने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर ट्रायल केली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये आली. समुपदेशन करणारे मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षण नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. सहा ते आठ भेटी, एकास एक, आणि भर एकाच गोष्टीवर: सुटलेली कामं, माणसं, सवयी हळूहळू परत धरायला मदत करायची. वर्षाने तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. आमच्या शिक्षिकाबाईंना हे आवडलं असतं. वहिनी म्हणाली, "मग असं सांग ना आधी."

औषध बंद करण्याचा भाग मात्र तिला आहे तसा वापरता येतो. आधीच्या मात्रेच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने कमी करा, मात्रा लहान होत जाईल तशा पायऱ्याही लहान करा, गोळीचे आणखी तुकडे जमेनासे झाले तर मिळत असल्यास द्रवरूप औषध बघा. 'बरं वाटतंय ना, मग सोडा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, आणि मनाने गोळ्या सोडणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवावं.

वापरायच्या दृष्टीने: मोबाइलवर ठीक चालते. रुग्णासोबत बसून बघायचा उपचारांचा एकेक सचित्र कागद दिलाय, तो खरंच कामाचा. पुराव्याच्या फायली अवाढव्य आहेत, त्यातली 'बी' क्रमांकाची तेवढी पुरे. नाइसच्याच साइटवरचा औषधांचा कोश, बीएनएफ, भारतातून उघडत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि पीडीएफ छापून ठेवू नका, मजकूर बदलत राहतो. वहिनीच्या टेबलाच्या काचेखाली २००९ च्या आवृत्तीची झेरॉक्स होती, गेल्या दिवाळीत मीच ओढून काढली.