बिडेला गरम पाणी हवं का? नागपुरात नऊ महिने वापरल्यानंतर

बिडे म्हणजे कमोडवर बसल्या बसल्या पाण्याच्या धारेनं धुवायची सोय. दोन बाथरूम, दोन वेगवेगळे बिडे, ऑक्टोबर ते जून असा नऊ महिन्यांचा वापर. एक साधं अटॅचमेंट: विजेविना चालणारं, सीटखाली बसणारं, साडेतीन हजारांच्या आसपासचं. दुसरं विजेवर चालणारं पूर्ण सीट, पाणी तापवायची छोटी टाकी आतच असलेलं, तीस हजारांच्या घरातलं. घेण्याआधी सगळे एकच विचारतात: नागपूरच्या हिवाळ्यात पहाटे गार पाणी सोसवतं का? नऊ महिने थर्मामीटर धरून पाहिल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे. थंडी किती पडते याआधी तुमचा पाइप कुठून येतो ते बघा. गच्चीवरच्या टाकीतून कमोडपर्यंत पाणी कोणत्या वाटेनं उतरतं हे पाहिल्याशिवाय हीटरवर पैसे घालू नका.

कारण सोपं आहे. बिडेला पाणी फार थोडं लागतं. मापाच्या मगात अर्धा मिनिट धरून मोजलं तर विजेचं सीट मिनिटाला अर्धा लिटरच्या थोडं वर सोडतं आणि साधं अटॅचमेंट, नॉब अर्धा उघडला तर, एक ते सव्वा लिटर. धुवायला लागतात तीस-चाळीस सेकंद. म्हणजे एका वेळी फार तर अर्धा-पाऊण लिटर पाणी. आता पाइपाचा हिशेब करा. अर्धा इंची सीपीव्हीसी (घरातल्या नळाच्या लाइनचा प्लास्टिक) पाइपात मीटरला साधारण 115 मिली पाणी मावतं, पाऊण इंचीत त्याच्या दुप्पट. सहा मीटर अर्धा इंची लाइन असेल तर तिच्यातच जवळजवळ 700 मिली पाणी रात्रभर थांबलेलं असतं. अंगाला लागतं ते हे पाणी. टाकीतलं पाणी तिथवर पोहोचेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं.

आमच्या आतल्या बाथरूमची लाइन घराच्या मधल्या भिंतीतून येते. डिसेंबरच्या अखेरीस, सकाळी सहाला, कुणी फ्लश करण्याआधी, पहिलं अर्धा लिटर पाणी 20-21 अंश भरलं. फ्लश झाल्यावर लगेच पुन्हा मोजलं तर 16. फ्लश सहा लिटर ओढतो, भिंतीतलं कोमट पाणी फ्लश टँकमध्ये जातं आणि मागून गच्चीवरचं गारठलेलं पाणी येऊन उभं राहतं. बाहेरच्या बाथरूमचा पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून उघडाच उतरतो. तिथं पहिल्या थेंबापासून 14. शहर तेच, टाकी तीच, पहाटही तीच, आणि दोन बाथरूममध्ये सहा-सात अंशांचा फरक.

हे सहा-सात अंश लहान नाहीत. कातडीचं तापमान 33 च्या आसपास असतं. 20-21 चं पाणी गार लागतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला सवय होते. 15 च्या खाली गेलं की गार लागणं संपतं आणि बोचणं सुरू होतं. अंग आपोआप आकसतं, माणूस घाईनं नॉब बंद करतो, आणि स्वच्छता नीट होत नाही. बिडेचा सगळा उपयोग तिथंच वाया जातो.

म्हणून आधी स्वतःच्या घरी मोजा. दीड-दोनशे रुपयांचा स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड पहाटे, नळ न उघडता, हेल्थ फॉसेट अगदी हळू सोडून अर्धा लिटर मगात घ्या आणि आकडा लिहा. मग एकदा फ्लश करा, टँक पूर्ण भरू द्या, पुन्हा अर्धा लिटर घ्या. पहिला आकडा 19-20 च्या वर असेल तर साधं अटॅचमेंट बिनधास्त घ्या आणि घरात एकच नियम लावा: धुणं आधी, फ्लश नंतर. घरातला दुसरा माणूस पाठोपाठ जाणार असेल तर मात्र त्याला दुसऱ्या आकड्याचं पाणी मिळणार, हे धरून चाला. दोन्ही आकडे 16 च्या खाली असतील तर उघड्या पाइपावर नाइट्राइलची काळी फोम नळी चढवा आणि बाहेरून पांढरी टेप गुंडाळा, नाहीतर ऊन फोमला वर्षभरात भुसभुशीत करतं. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत ही नळी मिटरवर मिळते. पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून न्या: अर्धा इंची सीपीव्हीसीचा तो साधारण 16 मिमी असतो. अर्ध्या इंचाची म्हणून 12 मिमीची नळी आणली तर ती चढतच नाही.

फोम चढवल्यावर बाहेरच्या बाथरूमचा आकडा 14 वरून 16 वर आला. सुधारणा आहे, पण त्यानं प्रश्न सुटला असं म्हणणार नाही. रात्रभरात पाइप गारठतोच, फोम फक्त वेळ लावतो. विजेचं सीट आम्ही त्याच बाथरूममध्ये ठेवलं आहे, आणि ते योग्य ठिकाणी आहे.

गरम पाण्याच्या सीटची कल्पना जपाननं घरोघरी नेली. टोटोचं वॉशलेट 1980 साली आलं आणि पाणी 38 अंशांच्या आसपास ठेवायचं ठरलं. तिथल्या घरांत हिवाळ्यात संडासची खोली तापवलेली नसते, नळाचं पाणी कित्येक आठवडे दहाच्या खाली असतं. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर गेला होता, पण तो अपवाद. एरवी बहुतेक पहाटा 10 ते 13 च्या, आणि दुपारी दोनपर्यंत टाकीतलं पाणी पुन्हा 24-25. म्हणजे खरी गरज वर्षात साठ-सत्तर दिवसांची, त्यातही फक्त सकाळची. एवढ्यासाठी तीस हजार घालायचे का, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा. धडधाकट माणसांच्या घराला आम्ही नको म्हणू.

मूळव्याध किंवा फिशरचा (गुदद्वाराशी चीर पडण्याचा) त्रास असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, किंवा घरात वयस्क माणूस असेल तर गोष्ट वेगळी. गार पाण्यानं स्नायू आवळतात आणि दुखणं वाढतं, कोमट पाण्यानं सैल होतात. अशा घरात हीटर चैन नाही, घ्याच. पाण्याचा जोर मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा. गरम पाणी सुखद वाटतं म्हणून दोन-दोन मिनिटं धार लावली की कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते.

आता गिझरच्या पाण्याबद्दल. थंड-गरम दोन्ही जोडणी असलेली बिनविजेची अटॅचमेंट मिळतात, सात-आठ हजारांत. दुकानदार सांगतो, गिझर आहेच, जोडून घ्या. गिझर आणि कमोड यांत सहा मीटर पाइप असेल तर वरचाच हिशेब उलटा लागतो: पहिलं 700 मिली गारच येणार, आणि गरम पाणी पोहोचेल तेव्हा तुम्ही उठलेले असाल. आधी बेसिनचा गरम नळ सोडून लाइन तापवावी लागते, रोज पाणी वाया. त्याहून वाईट म्हणजे गिझर 60 वर ठेवलेला असतो आणि 60 अंशांचं पाणी नाजूक कातडीला काही सेकंदांत भाजतं. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना तर कळणारही नाही. हाच मार्ग घ्यायचा असेल तर 38 वर बांधलेला थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व (गरम-गार मिसळून तापमान ठरलेलं ठेवणारा) आणि दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा) हवेतच. नॉन-रिटर्न नसेल तर बिडेच्या मिक्सरमधून गरम पाणी गार लाइनमध्ये सरकतं आणि फ्लश टँक कोमट होतो. एवढा खर्च धरला की स्वस्त पर्याय स्वस्त राहत नाही.

विजेच्या सीटचा खर्च लोक समजतात तिथं नाही. अर्धा लिटर पाणी 16 वरून 37 वर न्यायला युनिटचा जेमतेम ऐंशीवा भाग लागतो. चार माणसांचं दिवसाचं पाणी 0.05 युनिटमध्ये तापतं. वीज जाते ती टाकी दिवसभर गरम धरून ठेवण्यात. प्लगला लावायच्या मीटरवर ते दिवसाला अर्धा-पाऊण युनिट दिसलं, म्हणजे महिन्याला पंधरा-वीस. सीट गरम करण्याची सोय चालू ठेवली तर आणखी. आमच्या सीटची टाकी सुमारे 800 मिलीची, हीटर 500 वॅटचा: 16 वरून 37 ला अडीच मिनिटांत पोहोचतो. म्हणून हीटरचं बटण बंदच ठेवा, दात घासताना चालू करा. टायमर लावायचा विचार असेल तर आधी एकदा मेन बंद-चालू करून बघा. काही सीट वीज परत आल्यावर हीटर आपणहून सुरू करत नाहीत, पुन्हा बटण दाबावं लागतं.

टाकी नसलेली, लगेच तापवणारी सीटं 1200 ते 1500 वॅटची असतात. 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. नेहमीच्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर ती लावू नका. 16 अँपिअरचा पॉइंट, 2.5 चौरस मिमीची वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी. कमोडजवळ पॉइंट नसतो म्हणून गिझरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढलेली घरं पाहिली आहेत. ओल्या बाथरूममध्ये हे जिवावरचं आहे, अजिबात करू नका.

दाबाचंही बघा. टाकी दहा मीटर उंच तेव्हा एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन मीटर, म्हणजे 0.3 बार. बऱ्याच विजेच्या सीटना किमान 0.7 बार लागतो. धार नुसती ओघळते, आणि लोक सीट खराब म्हणून परत करतात. तिथं छोटा प्रेशर पंप लागेल.

बसवताना सगळ्यात जास्त गळतं ते टी-जोडणीजवळ, म्हणजे फ्लश टँकच्या लाइनमधून बिडेला फाटा काढतो तिथं. आमच्या साध्या अटॅचमेंटच्या पाकिटातला प्लास्टिकचा टी सातव्या महिन्यात, एप्रिलच्या शेवटी, आट्यांवरच तडकला. प्लंबरनं आतल्या आट्यांत टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे कोंबले होते, त्यानं प्लास्टिक आतून फाकतं, आणि उन्हाळ्याच्या गरम पाण्यानं ते मऊ होऊन सुटतं. पितळी टी आणा, तीनशे-चारशेचा. रबर वॉशर असलेल्या जोडाला टेफ्लॉन लागतच नाही. हातानं घट्ट, मग पान्यानं पाव फेरा, बस. फ्लश टँक भिंतीत गाडलेला असेल तर टी लावायला जागाच नसते. तिथं हेल्थ फॉसेटचा अँगल कॉक काढून दोन तोंडांचा बसवा. पाणी थेट नळयोजनेच्या लाइनवरून घेतलं असेल तर इथंही नॉन-रिटर्न हवा, नाहीतर पुरवठा थांबल्यावर पाइप उलटा ओढतो.

बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर आणि नोझलच्या भोकांवर क्षार बसतात, धार तिरपी उडू लागते. लिटरभर कोमट पाण्यात 20 ग्रॅम लिंबूफूल, नोझल त्यात अर्धा तास. दोन महिन्यांतून एकदा पुरतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा इनलेटची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा.

राहिला मे महिना, आणि नागपुरात खरा त्रास तोच आहे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी तीनला उघड्या पाइपातलं पहिलं पाणी 47 भरलं, त्यामागून टाकीचं 42. अशा धारेखाली बसणं अशक्य. कोणतंही बिडे पाणी थंड करत नाही. मॅन्युअलमध्ये पुरवठ्याच्या पाण्याची वरची मर्यादा बहुधा 35 च्या आसपास लिहिलेली असते, त्याच्या वर सीट कुरकुरतं किंवा बंद पडतं. टाकीला पांढरा रंग, वर हिरवी जाळी आणि पाइपाला फोम एवढं केलं तर टाकीचं पाणी 37-38 वर राहतं. आतल्या भिंतीतल्या लाइनला पहिलं अर्धा लिटर 34 चंच येतं, आणि धुणं आधी, फ्लश नंतर हा नियम इथंही कामी येतो.

गंमत म्हणजे मे महिन्यात हीटरवालं सीटच जास्त उपयोगी पडलं, हीटर बंद ठेवून. त्याच्या 800 मिलीच्या टाकीत सकाळी सातला आलेलं पाणी कूलर चालू असलेल्या घरात दिवसभर 31-32 वर राहतं. दुपारी धार सुरू केली की पहिले चाळीस-पन्नास सेकंद तेच पाणी येतं, मागून चटका येण्याआधी काम उरकतं. मात्र एका दुपारी एकाच माणसाला. टाकी पुन्हा निवायला तीन-चार तास लागतात. बाकीच्यांसाठी रात्री भरून ठेवलेली बादली आणि मग.